मळा आणि माळा

चंदनसारहून राणीच्या बागेला जायचं म्हणजे आधी रिक्षाने विरार स्टेशन, मग दादरला उतरून पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेची धिमी गाडी पकडायची आणि भायखळ्याला उतरायचं. निम्मा उत्साह दादरच्या पुलावरच सांडतो. तरीही आमच्या भागातली माणसं पोराबाळांना घेऊन जातात. माझी आजी म्हणायची, ‘राणीचा बाग’. आई म्हणते, ‘राणीची बाग’. दोन पिढ्यांत बागेचं लिंग बदललं आणि मधल्या काळात पालिकेने नावही बदलून ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ केलं. ते नाव पाटीवर आहे, तिकिटावर आहे, आणि तोंडात मात्र राणीच बसली आहे.

वसई तालुक्यात वाढलेल्या माणसाला ‘बाग’ हा शब्द जरा परका वाटतो. आमच्याकडे, विशेषतः रुळांच्या पश्चिमेला, असते ती वाडी. केळी, नारळ, पानवेल, मोगरा, आणि मधोमध विहीर. जिथे घाम गाळायचा ती वाडी आणि जिथे घाम पुसत हिंडायचं ती बाग, असा हिशोब. राणीच्या बागेचा इतिहास चाळू लागलो तेव्हा कळलं, की तीही सुरुवातीला बाग नव्हतीच. घाटावरच्या भाषेत सांगायचं तर तो मळा होता. पुढे त्या मळ्याचा माळा झाला. घरात ज्या वस्तूंचं काय करायचं ते सुचत नाही, टाकवतही नाहीत, त्या आपण माळ्यावर चढवतो. मुंबईने गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं राणीच्या बागेचा असाच उपयोग केला. मळा आणि माळा यांची ही ओढाताण समजली, की तिथल्या पेंग्विनपासून फुटक्या दगडी हत्तीपर्यंत सगळ्याची संगती लागते.

सुरुवात भायखळ्यात झाली नाही, शिवडीत झाली. १८३० साली मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली. नाव लांबलचक, काम सरळ. बाहेरच्या मुलखांतलं बियाणं आणायचं, इथल्या मातीत आणि इथल्या पावसात तग धरतं का बघायचं, धरलं तर शेतकऱ्याच्या गळी उतरवायचं. ऊस, कापूस, फळझाडं, जे विकून महसूल वाढेल ते सगळं. त्याच सुमारास आमच्या वसईत मॉरिशसचा ऊस लावून पाहण्याची खटपट चालली होती. पवईला फ्रामजी कावसजी बनाजी आपल्या जमिनीत नाना प्रयोग करत होते. १८३८ मध्ये त्यांनी नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला आंब्यांची भेट पाठवली. म्हणजे राणीच्या नावाची बाग व्हायच्या चोवीस वर्षं आधी मुंबईचा आंबा राणीकडे निघाला होता. तो कोणत्या अवस्थेत पोचला असेल याची कल्पना कोकणातल्या माणसाने करावी.

शिवडीला या सोसायटीची बाग होती. ती हौसेची बाग नव्हती, रोपांची शाळा होती. पण शहर वाढत होतं आणि माणसं मरत होती. मरीन लाइन्सजवळच्या सोनापूरच्या दफनभूमीत युरोपियनांना जागा उरली नव्हती. आर्थर क्रॉफर्ड या खमक्या म्युनिसिपल कमिशनरने १८६५ मध्ये शिवडीच्या बागेच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथे ख्रिस्ती दफनभूमी झाली. ती आजही तिथेच आहे. झाडं रुजवायला जी माती चांगली, ती खड्डे खणायलाही चांगलीच. मुंबईच्या पहिल्या वनस्पती उद्यानाचा शेवट असा झाला. नंतर जे घडलं त्याच्याशी ताडून पाहिलं, तर शहराची ही सवय जुनी दिसते. मोकळी जागा दिसली, की तिच्यावर लगेच दुसऱ्या कशाची तरी गरज उगवते.

सुदैवाने तोवर मुक्काम हलवायची सोय झाली होती. त्यामागची गोष्ट मात्र झाडांची नाही, एका वाताहत झालेल्या वस्तुसंग्रहाची आहे.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. जगभरच्या राज्यकर्त्यांना आणि व्यापाऱ्यांना आपापल्या मुलखातला माल मांडून दाखवायची चटक लागली. मुंबईहूनही वस्तू गेल्या, पुढे १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनालाही गेल्या. गोळा झालेल्या नमुन्यांचं कायमचं एक संग्रहालय करावं असं ठरलं आणि फोर्टातल्या टाउन बरॅक्समध्ये ते थाटलंही गेलं. मग आलं १८५७. उत्तरेत बंड पेटलं आणि इथे सैन्याला जागा हवी झाली. बराकी तातडीने रिकाम्या करायच्या होत्या. संग्रहालय बाहेर फेकलं गेलं, वस्तू फुटल्या, हरवल्या. जे उरलं ते जॉर्ज बर्डवुड या तरुण डॉक्टरच्या ताब्यात आलं. हा बर्डवुड पेशाने वैद्यकीय अधिकारी आणि नादाने वनस्पतींचा, हस्तकलांचा, मसाल्यांचा आणि गंधद्रव्यांचा अभ्यासक. संग्रह आणि बाग एकाच आवारात मांडायची कल्पना सुचायला याहून योग्य माणूस मिळाला नसता.

१८५८ च्या नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनी सरकार संपलं. त्याच डिसेंबरात टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि राणीच्या नावाने संग्रहालय व बाग उभारण्यासाठी समिती झाली. अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना. चिटणीस दोन: डॉ. बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड. बंडाला वर्ष-दीड वर्ष झालेलं, वातावरणात संशय भरलेला, आणि शहरातले शेट-सावकार राणीच्या नावाने वर्गणी काढतात. यात राजनिष्ठा दाखवायची घाई नव्हतीच असं कोण म्हणेल? पण नुसती तेवढीच असती, तर एक पुतळा उभारून काम भागलं असतं. या मंडळींनी संग्रहालय मागितलं आणि बाग मागितली.

भाऊ दाजींपाशी जरा थांबायला हवं, कारण आज बागेच्या दाराशी त्यांचं नाव आहे आणि आत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोण हे ठाऊक नसतं. जन्म गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचा. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. महारोगावर औषध शोधायच्या ध्यासापायी कडूकवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. आणि उरलेल्या वेळात (तो त्यांना कधी मिळायचा हे कोडंच आहे) जुने शिलालेख वाचले, नाणी आणि पोथ्या जमवल्या, कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला. एका माणसात वैद्य, वनस्पतींचा जाणकार, पुराणवस्तूंचा संग्राहक आणि सार्वजनिक कामांचा उत्साही कार्यकर्ता एकत्र आलेला. राणीची बाग नीट पाहिली, तर ती अशाच एका माणसाच्या डोक्याचा नकाशा वाटते. इथे झाड, तिथे शिलाखंड, पलीकडे नमुन्यांची कपाटं.

जागा मिळाली माझगावच्या ‘माउंट इस्टेट’ची, सुमारे ३३ एकर. हा भाग मुळातच शेतीवाडीचा. माझगावचा आंबा वर्षातून दोनदा धरतो अशी त्याची ख्याती पोर्तुगीज काळापासून होती, आणि भायखळा या नावातलं ‘खळं’ म्हणजे मळणीचं खळंच, असं बरेच जण मानतात. १८६१ मध्ये आखणी सुरू झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग खुली झाली आणि त्याच दिवशी त्यांचे यजमान, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली. फ्रिअरच्याच कारकिर्दीत फोर्टाची तटबंदी पाडली गेली. गाव तटाबाहेर पडत होतं, तेव्हा तटाबाहेर हवा खायला एक ठिकाण तयार झालं. सोसायटीची रोपं शिवडीहून इकडे आली.

तो काळ पैशाच्या पावसाचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडकलेला, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चाललेल्या. नवी बँक, नवी कंपनी, समुद्र बुजवायच्या योजना, सगळीकडे शेअर. बागेच्या दाराशी डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला तो १८६५ मध्ये. ससून स्वतः १८६४ मध्येच वारले होते. आणि मनोरा उभा राहिला त्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार झोपला. कालचे लक्षाधीश आज दिवाळखोरीच्या अर्जाच्या रांगेत. भाऊ दाजींचाही पैसा त्यात बुडाला. नाना शंकरशेट त्याच साली, जुलैच्या अखेरीस गेले. संग्रहालयाचं बांधकाम अर्ध्यावर लटकलं. वर्गणीवर इमारती उभारण्याची रीत तेजीत छान दिसते. मंदीत ती सरकारच्या दारात येऊन बसते. सरकारने खर्च उचलला, एकूण आकडा चार लाख तीस हजारांच्या घरात गेला, आणि २ मे १८७२ रोजी, कोनशिलेनंतर साडेनऊ वर्षांनी, ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजींना ते पाहायला मिळालं, पण फार काळ नाही. १८७४ च्या मे महिन्यात ते गेले. संग्रहालयाला त्यांचं नाव मिळायला १९७५ साल उजाडलं.

मधल्या काळात एक बारीकशी गोष्ट घडली होती, जी फक्त आम्हा विरारकरांनाच महत्त्वाची वाटेल. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला एक जायला, एक यायला. बागेला तेव्हा जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. त्या एका गाडीने विरारचं कुणी राणीच्या बागेला गेलं असेल का? भाजीच्या पाट्या आणि पानांचे करंडे नक्की गेले असतील, कारण पुढची शंभर वर्षं त्या रुळांवरून शहराकडे तेच जात राहिलं.

१८७३ मध्ये बाग पालिकेकडे गेली. मळा चालवणारी सोसायटी मागे पडली आणि शहर मालक झालं. माळा भरायला इथून सुरुवात झाली, असं मी धरतो. खरं म्हणजे पहिली वस्तू त्याआधीच येऊन पडली होती.

घारापुरीच्या बेटावर धक्क्यापाशी एक प्रचंड दगडी हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्याला पाहूनच बेटाचं नाव ‘एलिफंटा’ ठेवलं. १८६४ मध्ये कुणाला तरी वाटलं, हा हत्ती इंग्लंडला न्यावा. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. तुटका हत्ती विलायतेला काय न्यायचा? मग त्याचे तुकडे कुठे टाकायचे, तर राणीच्या बागेत! कित्येक वर्षं ते तिथे ढिगाऱ्यासारखे पडून होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुठे ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो संग्रहालयाबाहेर उभा आहे, सांध्यांच्या रेघा अंगावर घेऊन. ज्या बेटाला त्याने नाव दिलं, त्या बेटावर तो नाही, आणि रोज शेकडो पर्यटक गेटवेहून लाँचमध्ये बसून हत्ती नसलेल्या एलिफंटाला जातात. जिवंत हत्ती बघायला आलेली पोरं या दगडी हत्तीसमोरून धावत निघून जातात.

माळ्यावर कधीकधी चांगल्या गोष्टीही घडतात. १५ सप्टेंबर १८८३ रोजी याच संग्रहालयात आठ जण जमले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. आठांतले सहा गोरे, शिकारीचे आणि पक्ष्यांचे शौकीन. उरलेले दोघे मराठी डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, मुंबईच्या बाजारातल्या औषधी वनस्पतींची यादी ग्रंथरूपाने छापणारे. त्यांची आणखी एक ओळख म्हणजे रखमाबाईंचे ते सावत्र वडील. बालपणी लावून दिलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली आणि पुढे डॉक्टर झालेली ती रखमाबाई. सलीम अलींनी नावारूपाला आणलेल्या या संस्थेचा उगम राणीच्या बागेच्या आवारातला आहे आणि त्याला सह्या करणाऱ्यांत दोन मराठी नावं आहेत, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. सहलीला नेलं तेव्हा माकडं मोजायला सांगितली होती.

हो, माकडं. १८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालय वाढवलं गेलं आणि बागेचा तोंडवळा बदलला. प्राणी बघायला लोक येऊ लागले आणि झाडांची सावली तेवढी त्यांच्या उपयोगाची राहिली. पिंजऱ्यांचा तो इतिहास मी लांबवत नाही. ज्यांनी तो वाघ आणि तो वास अनुभवलाय त्यांना सांगायची गरज नाही. गिरणगावातल्या, परळ-लालबागच्या कुटुंबांना मात्र सुट्टीच्या दिवशी स्वस्तात दिवसभर कुठे बसायचं याचं उत्तर या बागेने पिढ्यान्‌पिढ्या दिलं. चपाती-भाजीचा डबा, खाली अंथरायला जुनी चादर आणि हत्तीण बघायचा हट्ट. आमच्या पिढीला लक्ष्मी आणि अनारकली या हत्तिणींची नावं नात्यातल्या मावश्यांसारखी पाठ आहेत.

मग स्वातंत्र्य आलं आणि शहरभर एक नवी अडचण उभी राहिली. राजे-राण्यांचे आणि लाटसाहेबांचे पुतळे चौकाचौकात उभे. ठेवायचे कसे, फोडायचे कशाला? १९६५ मध्ये पालिकेने माळ्याचं दार उघडलं. वेलस्ली आले, कॉर्नवॉलिस आले. आल्बर्ट ससूनने १८७९ मध्ये शहराला दिलेला, युवराज एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही आला. शिल्पकार बोएमने घडवलेला तो ‘काळा घोडा’ फोर्टातून निघाला, नाव मात्र तिथेच विसरून आला. ज्या चौकात घोडा नव्हता त्याला लोक पन्नास वर्षं काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ मध्ये त्या ठिकाणी स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. मुंबईकरांनी राजाशिवायचा घोडा पसंत केला, हे मला फार आवडलं.

आणि आली खुद्द राणी. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी देऊन घडवून घेतलेला, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा तो संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये फोर्टात उभा राहिला होता. १८९६ मध्ये एका रात्री त्याच्या तोंडाला डांबर फासलेलं आढळलं. ते कुणी केलं हे पुढच्या वर्षी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर उलगडलं: दामोदर चापेकर आणि त्यांच्या भावाने. डांबर उतरवलं ते त्रिभुवनदास गज्जर या रसायनतज्ज्ञाने. आज नाक तुटलेली ती राणी आपल्याच नावाच्या बागेच्या आवारात, आता भाऊ दाजी लाडांच्या नावाने असलेल्या संग्रहालयाच्या मागच्या बाजूला बसली आहे. तिला आणि घारापुरीच्या हत्तीला एकाच अंगणात ठेवणारा माळा जगात दुसरा असेल असं वाटत नाही.

या सगळ्या सामानात मळा हरवला होता का? नाही, आणि या लेखाचं कारण तेच आहे. सोसायटीने लावलेली आणि नंतरच्या उद्यान अधीक्षकांनी जगभरातून आणलेली झाडं मुकाट्याने वाढत होती. आफ्रिकेतली गोरखचिंच, बुंध्याला कवळ घालायला चार-पाच माणसं लागावीत अशी. दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, ज्याच्या फुलात आपल्या लोकांना नागफणाखालची पिंडी दिसली आणि परदेशी झाड रातोरात शैव झालं. पानाचा द्रोण करून धरणारा कृष्णवड. सीतेचा अशोक. आणि ब्रह्मदेशातली उर्वशी. वनस्पतिशास्त्रात तिला लेडी ॲम्हर्स्टचं नाव आहे, आपल्याकडे अप्सरेचं. हिवाळा सरताना तिच्या फांद्यांवरून लाल-गुलाबी फुलांची झुंबरं लोंबू लागतात, प्रत्येक फुलावर पिवळा ठिपका. भारतात ती फार थोड्या ठिकाणी धड वाढते. मुंबईच्या दमट हवेत, भायखळ्याच्या त्या कोपऱ्यात ती वाढली.

२००७ मध्ये पालिकेने या बागेचा कायापालट करायचं ठरवलं. प्राणिसंग्रहालयाची अवस्था खरंच वाईट होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांपुढे ते जुने पिंजरे टिकणारे नव्हते. पण उपाय म्हणून आला तो ४३३ कोटींचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा आराखडा, थायलंडच्या सल्लागारांनी केलेला. त्यात खंडांनुसार प्राण्यांचे विभाग, खोटे खडक, खोटे अवशेष, वाहनतळ असं बरंच काही होतं. झाडं कागदावर हिरव्या ठिपक्यांसारखी होती, हवं तिथे हलवता येतील अशी. दीडशे वर्षांची गोरखचिंच हलवायची म्हणजे काय, हे ज्याने कधी केळीचा मुनवा दुसरीकडे लावलाय त्याला कळतं. कागदाला कळत नाही.

याला हरकत घेतली ती रोज सकाळी तिथे चालायला जाणाऱ्या, झाडं नावाने ओळखणाऱ्या काही स्त्रियांनी. ‘सेव्ह राणी बाग’ नावाने त्या एकत्र आल्या. त्यांनी जे केलं त्यात घोषणा कमी आणि मोजणी जास्त होती. हातात वही, गळ्यात दुर्बीण, आणि एकेक झाड: जात कोणती, घेर किती, कुठे उभं. मोजदादीतून निघालं, की बागेत २८६ जातींची तीन हजारांहून अधिक झाडं आहेत. हा आकडा हाती आल्यावर वादाचा नूर पालटला. ‘काही झाडं’ हलवणं सोपं असतं. नाव, घेर आणि जागा लिहिलेली तीन हजार झाडं हलवणं अवघड. शहराच्या वारसा यादीत बाग होतीच, वारसा संवर्धन समितीने आराखड्यावर आक्षेप घेतला, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, आणि आराखडा पुष्कळ छाटून प्राणिसंग्रहालयाच्या भागापुरता आला. २०१२ मध्ये, बागेच्या दीडशेव्या वर्षी, या मंडळींनी बागेच्या झाडांवर पुस्तक काढलं. शिवडीच्या बागेसाठी १८६५ मध्ये अशी वही कुणी धरली नव्हती.

नूतनीकरणाचा दुसरा नमुना त्याच आवारात, पन्नास पावलांवर आधीच तयार होत होता. संग्रहालयाच्या इमारतीला गळती लागलेली, सोनेरी मुलामा रंगांच्या थरांखाली गेलेला. २००३ मध्ये पालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि काम सुरू झालं. वरचे थर खरवडून मूळ रंग शोधले, लोखंडी खांब आणि कोरीव छत उजळलं, जुन्या कपाटांच्या काचा तशाच ठेवल्या. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. (त्यानंतर २०२० पासून काही वर्षं ते पुन्हा दुरुस्तीसाठी बंद राहिलं. मुंबईच्या पावसाशी केलेला करार दरवर्षी नव्याने करावा लागतो.) एकाच कुंपणात दोन पद्धती होत्या. एकीने आधी काय आहे ते उकरून काढलं, दुसरीला जे आहे ते झाकून वर नवं बांधायचं होतं. पालिका दोन्हीकडे होती, हे विशेष.

आणि मग पेंग्विन. २०१६ च्या जुलैत सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक ऑक्टोबरात मेला, गदारोळ झाला, आणि ‘पेंग्विन’ हा मराठी राजकारणात टोमणा म्हणून रूढ झाला. १७ मार्च २०१७ रोजी त्यांचं दालन खुलं झालं आणि भायखळा स्टेशनपासून रांगा लागल्या. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याला थंड सागरी प्रवाह लागून वाहतो, तिथल्या खडकांवर ते राहतात. तरी मुंबईच्या मे महिन्यात त्यांना चौदा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवायला यंत्रं अहोरात्र चालवावी लागतात. त्याच वर्षी ऑगस्टपासून मोठ्या माणसाचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. मॉलमधल्या पॉपकॉर्नच्या मानाने हे काहीच नाही असं म्हणणारे भेटतात. ज्यांचा डबा आणि चादर घेऊन दिवसभर बसायचा बेत असे, त्यांच्यासाठी ते काहीच नाही असं नाही. २०२० च्या सुरुवातीला पक्ष्यांसाठी माणसाला आत फिरता येईल असं मोठं दालन उघडलं आणि औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. नवी आवारं जुन्या पिंजऱ्यांहून कितीतरी बरी आहेत, हे मान्य करायलाच हवं. काचेपलीकडे वाघ पाण्यात बसलेला पाहिला तेव्हा माझ्या लहानपणचा, सिमेंटवर येरझाऱ्या घालणारा वाघ आठवला आणि जरा शरमही वाटली. खोटे अवशेष मात्र आलेच. शंभर पावलांवर खरा, घारापुरीचा, तुटून सांधलेला हत्ती असताना पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या सिमेंटच्या भग्नावशेषांपुढे लोक सेल्फी काढतात.

यंदा डिसेंबरात भाचीला घेऊन गेलो होतो. सात वर्षांची, चंदनसारला आमच्याच इमारतीत राहते. खिडकीतून तिला दिसतात ते समोरचे टॉवर आणि त्यांच्या फटीतून जीवदानीचा डोंगर. पेंग्विन बघून झाले, वाघ झोपलेला होता, तर मी तिला उर्वशी दाखवायला नेलं. झाडाखाली एक माळी पाण्याचा पाइप ओढत होता. वर नुसती पानं, कोवळी, तांबूस, मरगळल्यासारखी लोंबणारी.

‘‘मामा, इथे तर काहीच नाहीये,’’ ती म्हणाली.

माळीकाका हसले. ‘‘बाळा, आत्ता कशी दिसणार? शिमग्याच्या आधी ये. लाल झुंबरं लागतात नुसती.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘साहेब, फेब्रुवारीच्या शेवटी आणा हिला. फक्त बुधवारी येऊ नका, बुधवारी बंद असतं.’’

ती परतीच्या गाडीत दादरपासून वसईपर्यंत बोटांवर महिने मोजत होती.